थोरल्या बाजीरावांचें कर्ज : एक आक्षेप

पारसनीसांनीं प्रसिद्ध केलेला ब्रह्मेंद्रस्वामींचा पत्रव्यवहार मोलाचा खरा. परंतु सावकारांच्या पायां पडून कपाळ झिजल्याची बाजीरावांची तक्रार त्यांत वाचून ‘कर्ज म्हणजे दुर्बलता’ असा निष्कर्ष काढितात, तो आम्हांस मान्य नाहीं.

आम्ही राहतों त्या पेणकरपाड्यापासून जवळचा घोडबंदरचा किल्ला १७३७ सालीं मराठ्यांनीं घेतला; खाडीपलीकडील वसई चिमाजी अप्पांनीं मे १७३९ मध्यें सर केली. काळ ह्याच कर्जाचा. मुलुखाचा वसूल मागाहून येई, फौजेचा रोजमुरा आधीं द्यावा लागे. मधल्या दिवसांचा पैका सावकार पुरवी.

दोष कर्जांत नव्हे, तें कोणाच्या नांवें, ह्यांत होता. १६९४ सालीं बँक ऑफ इंग्लंड स्थापून इंग्रजांनीं युद्धाचें कर्ज पार्लमेंटानें मंजूर केलेल्या करांच्या हमीवर काढिलें. व्याज वेळेवर मिळे, म्हणून पुढील कर्ज स्वस्त झालें. आमचें कर्ज एका पुरुषाच्या शब्दावर. २८ एप्रिल १७४० रोजीं बाजीराव निवर्तले, तें नानासाहेबांच्या माथीं आलें.

संग्राहकांस विनंति इतकीच कीं, लढायांचीं पत्रें जपतांना सावकारी खतें व वह्या रद्दींत घालूं नयेत. मोहिमेचा अर्धा इतिहास त्यांत आहे.