आयुष्य वाढवणारी ऊर्जा : ही वर्षं येतात कुठून?

नांदगाव पेठच्या या व्याख्यानासाठी आम्ही विज्ञानकथेतली एक लाडकी कल्पना घेतली आहे: माणसाचं आयुष्य वाढवणारी ऊर्जा. रूप कोणतंही असो, किरण, द्रव, स्फटिक, मसाला. ती मिळाली की पात्र दोनशे, पाचशे, हजार वर्षं जगतं. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. अशी कथा कितपत चांगली, हे तिच्यातली ऊर्जा किती अद्भुत आहे यावर ठरत नाही. वाढलेली वर्षं कोणाच्या वाट्यातून आली, हे ती सांगते की लपवते, यावर ठरतं.

सुरुवात एका जुन्या इंग्रजी कादंबरीपासून करू. एडवर्ड बुल्वर-लिटन यांची ‘द कमिंग रेस’ १८७१ साली आली. जमिनीखाली राहणाऱ्या एका प्रगत जमातीकडे ‘व्रिल’ नावाची शक्ती आहे. तिने दिवे लागतात, यंत्रं चालतात, रोगी बरे होतात, माणसं सहज शंभरी ओलांडतात. आणि त्याच शक्तीने शहरंही भस्म करता येतात. हा शब्द इतका गाजला की ‘बोव्हरिल’ या गोमांसाच्या अर्काच्या नावात तो जाऊन बसला. म्हणजे कादंबरीतली जीवनशक्ती थेट बरणीत भरून दुकानात आली!

पण व्रिलची अडचण बघा. तिला काहीच लागत नाही. ती संपत नाही, तिच्यासाठी कोणाला राबावं लागत नाही. ज्या ऊर्जेने सगळंच होतं, ती कथेत फार काही घडू देत नाही. त्यामुळे कादंबरीचा मधला भाग माहितीपत्रकासारखा वाटतो. तिला धार येते ती शेवटाकडे, जेव्हा कथन करणाऱ्याला भीती वाटते, की हे लोक एक दिवस वर आले तर आपलं काय? लांब आयुष्याचा हिशेब तिथे पहिल्यांदा समोर येतो.

फ्रँक हर्बर्ट यांच्या ‘ड्यून’मध्ये (१९६५) हा हिशेब पहिल्यापासून मांडलेला आहे. आयुष्य वाढवणारा मसाला एकाच वाळवंटी ग्रहावर मिळतो. त्याची सवय लागली की सुटत नाही. सोडला तर मरण. आणि ज्यांच्या भूमीतून तो निघतो ते फ्रेमेन लोक भरडले जातात. वाचक मसाल्याच्या चमत्काराने चकित होतो, आणि त्याच वेळी अस्वस्थही होतो. आमच्या मते ही कादंबरी व्रिलच्या पुढे जाते ती इथे.

आता आपल्याकडे या. हे प्रश्न मराठी माणसाला नवे नाहीत. महाभारतातल्या ययातीला तारुण्य हवं होतं, ते त्याला पुरूकडून, स्वतःच्या मुलाकडून, घ्यावं लागलं. किती स्वच्छ हिशेब! आणि आपली पूर्णा नदी जिथे तापीला मिळते, तिथे चांगदेवांचं मंदिर आहे. योगबळावर चौदाशे वर्षं जगलेले चांगदेव, अशी आख्यायिका. ज्ञानेश्वरांना पत्र पाठवायचं तर मायना काय लिहावा हे त्यांना सुचेना, म्हणून कोरा कागद पाठवला. मुक्ताबाईंनी जोखलं, की इतकी वर्षं जगून हा कोराच राहिला. त्या कागदाला उत्तर म्हणून पासष्ट ओव्यांची ‘चांगदेव पासष्टी’ आली. ययातीला विचारलं, वर्षं कोणाची? चांगदेवांना विचारलं, वर्षांचं केलं काय? आमच्या मते हे दोन प्रश्न आजच्या कोणत्याही विज्ञानकथेला लावता येतात.

विज्ञान काय म्हणतं? दिवसाला दोन हजार किलोकॅलरी खाणाऱ्या माणसाचं शरीर सरासरी शंभर वॅटच्या बल्बइतक्या दराने ऊर्जा वापरतं. या बल्बला जास्त वीज दिली म्हणून तो जास्त वर्षं टिकत नाही. उलट १९३५ साली क्लाइव्ह मॅके आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की कमी आहारावर ठेवलेले उंदीर जास्त जगले. म्हातारपण म्हणजे ऊर्जेचा तुटवडा नव्हे. पेशींची झीज दुरुस्तीला मागे टाकते, तेव्हा ते येतं. मग कथेतली ‘ऊर्जा’ म्हणजे काय? आम्हाला वाटतं, ते बहुतेक वेळा सत्तेचं टोपणनाव असतं.

कोणी म्हणेल, कथेत कशाला वह्या उघडता? नवलाचा आनंद घेऊ द्या की! मान्य. पण नवल आणि हिशेब यांचं वैर नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये टोपणनावाने स्पर्धेला पाठवलेली ‘कृष्णविवर’ ही कथा आठवा. कृष्णविवराजवळ काळ मंदावतो, हे खरं भौतिकशास्त्र. तिथे जाणाऱ्याचं घड्याळ हळू चालतं, पण घरच्यांचं थांबत नाही. त्याची वर्षं वाचतात, आणि सोबतीची जातात. नियम पाळला म्हणून नवल कमी होत नाही, उलट ते आतपर्यंत पोचतं.

आणि नांदगाव पेठेत बसून ऊर्जेवर बोलताना इथल्या औष्णिक वीज केंद्राचं नाव टाळणं बरं दिसणार नाही. २७० मेगावॅटचे पाच संच, एकूण १३५० मेगावॅट. वीज खरोखर आयुष्य वाढवते: लसींचा फ्रीज, नवजात बाळाची काचपेटी, ऑक्सिजनचं यंत्र. स्वातंत्र्याच्या वेळी भारतीयाचं सरासरी आयुर्मान ३२ च्या आसपास होतं, आज ते सत्तरीत आहे; त्यात लस, स्वच्छ पाणी, सुरक्षित बाळंतपण यांच्यासोबत विजेचाही हात आहे. पण या केंद्राला पाणी लागतं, ते अप्पर वर्धा धरणाचं. सिंचनाच्या पाण्यावरून इथे विरोध झाला, वाद न्यायालयात गेला. ज्या वऱ्हाडात कोरडवाहू कापसाने इतकी घरं उजाड केली, तिथे ‘ऊर्जा कोणाच्या वाट्याची’ हा प्रश्न पुस्तकी नाही.

म्हणून इथल्या नव्या लेखकांना आमचं सांगणं एवढंच. हजार वर्षं जगणारा नायक जरूर लिहा. फक्त गावातल्या एखाद्या म्हातारीला कथेत येऊ द्या, आणि तिला विचारू द्या, “हे आनलं कोठून बाप्पा?” या प्रश्नापुढे टिकली, तर कथा टिकली.

आम्ही इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.