कॉन्फेडरेट रणध्वज : व्युत्पत्ती आणि रूढी

अमेरिकेतील कॉन्फेडरेट रणध्वजाविषयीचा वाद वरवर इतिहासाचा दिसत असला, तरी त्याच्या मुळाशी अर्थविचाराचाच प्रश्न आहे. हा ध्वज दक्षिणेतील सैनिकांच्या शौर्याचे स्मारक होय, असे एक पक्ष म्हणतो. गुलामगिरीचे व वर्णद्वेषाचे चिन्ह होय, असे दुसरा. पहिल्या पक्षाची सारी भिस्त ध्वजाच्या मूळ हेतूवर आहे. शब्दाचा खरा अर्थ व्युत्पत्तीतच असतो, या जुन्या समजुतीचे हे रूपांतर म्हणावयास हरकत नाही.

हा मूळ हेतू तरी कोणता? ४ मार्च १८६१ रोजी बंडखोर राज्यांनी स्वीकारलेला राष्ट्रध्वज निराळाच होता : तीन आडवे पट्टे आणि कोपऱ्यात निळ्या चौकोनावर तारे. त्याचे लोकप्रचलित नाव ‘स्टार्स अँड बार्स’. विल्यम पोर्चर माइल्स यांनी सुचविलेली तिरप्या फुलीची आकृती त्या वेळी नापसंत झाली. पुढे जुलै १८६१ मध्ये मनॅससच्या लढाईत दोन्ही बाजूंचे ध्वज दुरून सारखेच दिसल्याने घोटाळा झाला, आणि सेनापती बोरगार्ड यांच्या प्रयत्नाने तीच आकृती चौरस रणध्वज म्हणून सैन्यात आली. माइल्स यांनी उभ्या क्रुसाऐवजी फुली निवडली, ती क्रुसास यहुदी व काही प्रॉटेस्टंट पंथीयांचा आक्षेप टाळण्यासाठी. या फुलीत आज कित्येकांस दिसणारे ख्रिस्ती धर्मचिन्ह तिच्या कर्त्यास अभिप्रेत नव्हते! नावाचीही तीच गत : ‘स्टार्स अँड बार्स’ हे राष्ट्रध्वजाचे नाव आज सर्रास या रणध्वजास लावले जाते.

तो केवळ सैनिकांचा ध्वज होता, हे म्हणणेही टिकत नाही. १ मे १८६३ रोजी स्वीकारलेल्या दुसऱ्या राष्ट्रध्वजाच्या कोपऱ्यात हीच आकृती बसविण्यात आली, आणि सॅव्हानाचे संपादक विल्यम थॉम्पसन यांनी त्या ध्वजाचा पुरस्कार गोऱ्या वंशाच्या श्रेष्ठत्वाच्या भाषेतच केला. म्हणजे ज्या उगमाचा आधार घ्यावयाचा, तोच समर्थकांस अडचणीत टाकतो.

तथापि उगमावरूनच निर्णय करणे हे दुसऱ्या पक्षासही शोभणारे नाही. रूढी योगाहून बलवत्तर, हे आपल्याकडील शास्त्रकारांनी फार पूर्वी सांगून ठेवले आहे. पंकज म्हणजे चिखलात उगवणारी हरएक वस्तू नव्हे. जॉन कॉस्की यांचा २००५ मधील ग्रंथ मोलाचा ठरतो तो याचसाठी, की त्यात ध्वजाच्या उगमाइतकेच त्याच्या पुढील वापरासही महत्त्व आहे. युद्धानंतर कित्येक दशके हा ध्वज मुख्यतः स्मृतिसमारंभांत दिसे. १९४८ मध्ये वर्णविभक्ततेचा कैवार घेणाऱ्या ‘डिक्सीक्रॅट’ पक्षाच्या समर्थकांनी तो मिरविला. शाळांतील विभक्ततेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये निर्णय दिला. त्यानंतर दोनच वर्षांनी जॉर्जियाने ही आकृती आपल्या राज्यध्वजात घेतली. हा क्रम योगायोगाचा म्हणणे कठीण आहे.

येथे वक्ता कोण, हा भेद निर्णायक ठरतो. पणजोबांच्या कबरीवर ध्वज लावणाऱ्या व्यक्तीस आपला हेतू सांगता येतो व तो मान्यही करता येईल. शासकीय इमारतीवरील ध्वज मात्र सर्व नागरिकांच्या वतीने बोलतो, आणि त्यांत गुलामांचे वंशजही आले. साउथ कॅरोलिनाच्या विधानभवनावर तो १९६१ मध्ये चढला, २००० मध्ये घुमटावरून उतरून आवारातील स्मारकाशी आला. १७ जून २०१५ रोजी चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीयांची हत्या झाली. मारेकऱ्याची याच ध्वजासह काढलेली छायाचित्रे उजेडात आली, आणि १० जुलैस तो आवारातूनही हलविण्यात आला. मिसिसिपीने १८९४ पासूनचा आपला राज्यध्वज २००१ च्या मतदानात राखला होता. २०२० मध्ये तेथील विधिमंडळानेच तो रद्द केला.