मिठाईचा मुलूख आणि आपली ईद

सणाच्या रात्री मिठाई जिवंत होते आणि एक लहान मुलगी तिच्या मुलखात जाऊन येते, अशी एक गोष्ट जगभर प्रसिद्ध आहे. सण नाताळचा आहे आणि लेखक जर्मन, ई. टी. ए. हॉफमन. 'नटक्रॅकर आणि उंदरांचा राजा' ही त्याची दीर्घकथा १८१६ साली बर्लिनमध्ये छापली गेली. नटक्रॅकर म्हणजे जबड्यात अक्रोड धरून फोडणारा लाकडी बाहुला. आमच्या वाचकांच्या मुलांनी ती इंग्रजी शाळेतल्या एखाद्या चित्रमय पुस्तकात पाहिली असेल, नाहीतर तिच्यावर बेतलेला बॅले टीव्हीवर पाहिला असेल.

आम्ही या गोष्टीकडे वळलो ते घरातल्या एका पोरीमुळे. गेल्या रमजानमध्ये इफ्तारीनंतर तिला ही गोष्ट थोडी थोडी करून सांगत होतो. एके रात्री तिने विचारले, "आपल्या ईदची अशी गोष्ट कुठाय?" आम्ही लगेच प्रेमचंदांची 'ईदगाह' काढली. तिने ती ऐकली, रडलीही. मग म्हणाली, "ही चिमट्याची गोष्ट आहे. मी मिठाईची विचारली होती." या लेखाचे मूळ तिच्या या तक्रारीत आहे आणि तक्रार खरी आहे, असे आमचे मत झाले आहे.

आधी हॉफमनची गोष्ट नीट पाहू, कारण ती जशी सांगितली जाते तशी ती नाही. १८९२ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये तिच्यावर चायकोव्हस्कीचा बॅले झाला. त्यासाठी आधार घेतला होता तो अलेक्झांडर द्युमाने केलेल्या सौम्य फ्रेंच रूपांतराचा. बॅलेत उंदरांचा राजा पहिल्याच अंकात मरतो. दुसऱ्या अंकात काही घडत नाही; मिठाईच्या मुलखात नाच होत राहतात. चॉकलेट स्पेनचे, चहा चीनचा आणि कॉफी अरबांची. (या 'अरबी' नाचाची चाल एका जॉर्जियन अंगाईगीतावरून घेतलेली आहे. अरबांचा तिच्याशी संबंध नाही. पण आपल्या नावावर काय काय खपते, याची आपल्याला सवय आहे.) संगीत अप्रतिम आहे, त्याबद्दल वाद नाही. मात्र या सगळ्यात गोष्टीचा कणाच निघून गेला.

मूळ गोष्टीत पहिल्या लढाईनंतर उंदरांचा राजा जिवंतच असतो. सात डोकी, सात मुकुट. तो रात्री सात वर्षांच्या मारीच्या उशाशी येतो आणि खंडणी मागतो. तुझी मिठाई आण, नाहीतर तुझ्या नटक्रॅकरला कुरतडून टाकतो. मारी सणाची सगळी मिठाई कपाटाच्या उंबऱ्याशी ठेवते. सकाळी ती फस्त झालेली असते. दुसऱ्या रात्री राजा पुन्हा येतो. आता त्याला साखरेच्या बाहुल्या हव्या असतात. साखर आणि कतीरा डिंक यांच्या या बाहुल्या म्हणजे मारीचे खरे धन. त्यात मेंढपाळ आणि त्याची मेंढरे आहेत, पत्रे घेऊन निघालेले दोन डाकिये आहेत, आणि कोपऱ्यात लाल गालांचे एक लहानगे मूल आहे. ते मारीचे सर्वांत लाडके. त्याच्याकडे पाहून तिला रडू फुटते. तरी ती सगळ्या बाहुल्या उंबऱ्याशी नेऊन ठेवते. तिसऱ्या वेळी मागणी येते चित्रांच्या पुस्तकांची आणि नव्या फ्रॉकची. तेव्हा मात्र ती घाबरून स्वतःशी म्हणते की हे सगळे दिले, आणि द्यायला काही उरले नाही, की तो मलाच खायला मागेल.

मुलांच्या गोष्टीत खंडणीचे इतके खरे वर्णन आम्ही दुसरीकडे वाचलेले नाही. हॉफमन पेशाने न्यायखात्यातला माणूस. १८०६ साली नेपोलियनच्या फौजा वॉर्सात शिरल्या तेव्हा त्याची नोकरी गेली, आणि १८१३ साली ड्रेस्डेनची लढाई त्याने जवळून पाहिली. जेत्याला एकदा दिले की तो पुन्हा येतो, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नसणार. ज्यांच्या वस्तीने अशा मागण्यांच्या रात्री पाहिल्या आहेत, त्या वाचकाला हा उंदीर ओळखायला वेळ लागणार नाही.

अखेर मारी नटक्रॅकरला एक तलवार मिळवून देते, तो उंदराला मारतो आणि मग तिला आपल्या मुलखात नेतो. पहिले पाऊल पडते ते खडीसाखरेच्या कुरणावर. जर्मनमध्ये खडीसाखरेला जो शब्द आहे तो आपल्या 'खंड'चाच नातू. संस्कृतातून फारसीत 'कंद', तिथून अरबीत आणि मग युरोपात. पुढे बदाम-मनुकांची वेस, संत्र्याचा ओढा, लिंबूसरबताचा प्रवाह, बदामदुधाचे तळे. मधाच्या नदीकाठी मसालेदार केकचे एक गाव लागते. तिथली माणसे दिसायला देखणी आहेत, पण सदा चिडलेली, कारण सगळ्यांची दाढ दुखते! ही दाढदुखी आम्हाला फार आवडली. मिठाईचा मुलूख आहे म्हणून सगळे गोडच असेल, असे हॉफमन मुलांना सांगत नाही. राजवाड्याच्या एका बुरुजावर दालचिनीच्या काड्यांची परांची बांधलेली दिसते. विचारले तर कळते की एक खादाड राक्षस आला होता. त्याने एका बुरुजाचे छप्पर खाल्ले आणि घुमटाला तोंड लावले, तेव्हा लोकांनी शहराचा एक अख्खा मोहल्ला त्याला देऊन त्याची समजूत घातली. म्हणजे खंडणी इथेही सुटलेली नाही.

राजधानीच्या चौकात मात्र आम्हाला थांबावे लागले. तिथे तऱ्हेतऱ्हेचे लोक आहेत: आर्मेनियन, यहुदी, ग्रीक, शिपाई, धर्मोपदेशक, विदूषक. आणि अचानक पालखीतून निघतो मोगल बादशहा, सोबत ९३ सरदार आणि ७०० गुलाम. दुसऱ्या कोपऱ्यातून ५०० कोळ्यांची मिरवणूक येते. त्याच वेळी तुर्की सुलतानाला ३००० जानिसारी घेऊन बाजारातून फेरफटका मारायची लहर येते. व्हायचे तेच होते. मिरवणुका एकमेकींवर आदळतात. एका कोळ्याच्या धक्क्याने ब्राह्मणाचे डोके उडते आणि एक विदूषक खुद्द बादशहाला तुडवायच्या बेतात येतो.

मुसलमान वाचकाने या चौकाचे काय करावे? एक रस्ता सोपा आहे. युरोपी लेखकाने पूर्वेला साखरेची शोभेची वस्तू करून टाकले, ७०० गुलाम मोजून दाखवले, असे म्हणून पुस्तक मिटावे. हा आक्षेप खोटा नाही. १८१६ साली दिल्लीच्या गादीवर दुसरा अकबर होता आणि कंपनीच्या पेन्शनवर त्याचा दरबार चालत होता. बर्लिनच्या मिठाईत मात्र मोगल अजून पूर्ण थाटात. पण पुढचा प्रसंग वाचला की आक्षेपाची धार बोथट होते. गोंधळ वाढतो तेव्हा एक माणूस चढतो आणि घंटा वाजवून तीनदा फक्त हलवायाचे नाव पुकारतो. क्षणात सारे गप्प. बादशहा, सुलतान, ब्राह्मण, कोळी, सगळे आपापले कपडे झटकू लागतात. मारी विचारते, तेव्हा नटक्रॅकर सांगतो की हलवाई म्हणजे इथली एक न दिसणारी भयंकर शक्ती. ती माणसाचे काहीही करू शकते, असा या लोकांचा समज आहे.

माणूस मातीचा, हे आपल्या मुलांना मक्तबात शिकवले जाते. साखरेची माणसे आपल्या घडवणाऱ्याच्या नुसत्या नावाने भांडण विसरतात, ही कल्पना त्यांना परकी वाटणार नाही. साखरेच्या पुतळ्यांचेही तसेच. कैरोत पैगंबर जयंतीला साखरेची बाहुली आणि साखरेचा घोडेस्वार मुलांना देण्याची रीत आहे. १५८२ साली इस्तंबूलमध्ये शहजाद्याच्या सुंतेच्या जलशात साखरेचे हत्ती-सिंह मिरवले गेले होते. चित्र-पुतळ्यांविषयी ज्यांची मते कडक आहेत त्यांना हे रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. इतिहास मात्र असा आहे.

आता 'ईदगाह'कडे येऊ. १९३३ सालची ही हिंदी गोष्ट. चार-पाच वर्षांचा हामिद, आजी अमीना, खिशात तीन पैसे. मित्र खेळणी घेतात, रेवड्या आणि सोहन हलवा घेतात. मोहसिन रेवडी पुढे करतो आणि हामिदने हात लांबवला की स्वतःच्या तोंडात टाकतो. हामिद चिमटा घेतो, कारण भाकरी भाजताना आजीची बोटे भाजतात. या गोष्टीच्या थोरवीविषयी आम्ही काय बोलावे!

पण त्यातला एक लहानसा भाग बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. ईदगाहच्या वाटेवर हलवायांची दुकाने लागतात. एवढी मिठाई खातो कोण, असा प्रश्न मुलांना पडतो. मोहसिन सांगतो की मध्यरात्री जिन्न येतात, उरलेला सगळा माल तोलून घेतात आणि खरेखुरे रुपये मोजतात. जिन्नांकडे रुपये कुठून आले, जिन्न केवढा मोठा असतो, असे हामिदचे प्रश्न सुरू होतात. डोके आभाळाला लागते, पण मनात आणले तर लोट्यातही मावतो! इथे एका क्षणापुरती मिठाईच्या मुलखाची वेस उघडलेली आहे. प्रेमचंद तिथून पुढे गेले, कारण त्यांना चिमट्यापर्यंत जायचे होते. तो त्यांचा हक्क. प्रश्न त्यांच्यानंतरच्यांचा आहे. आम्ही सगळ्यांनी चिमटा घेतला आणि जिन्नाला दुकानाबाहेर उभे केले.

१९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून कविता, कथा, आत्मकथन यांवर पुष्कळ बोलणे झाले. बालसाहित्यावर त्या मानाने कमीच. मराठीत ईदच्या ज्या बालकथा आमच्या वाचनात आल्या, त्यांत दोनच प्रकार जास्त दिसले. एक हामिदच्या वळणाचा: गरीब मूल, त्याग, वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी. दुसरा शिरखुर्म्याच्या वाटीचा. शेजारच्या घरी वाटी जाते, दिवाळीत त्याच वाटीतून करंज्या-चकल्या येतात आणि गोष्ट संपते. शेजारधर्म आम्हालाही प्यारा आहे. आमच्या घरची वाटीही अशीच फिरते. पण या गोष्टींत शिरखुर्मा सदा दुसऱ्यासाठी असतो. तो कसा लागतो, शेवया दुधात पडल्यावर काय करतात, खारीक-चारोळीचे आपसांत पटते की नाही, हे कोणी विचारत नाही. आमची मिठाई कायम कुणाला तरी आपल्या चांगुलपणाची खात्री पटवायला निघालेली असते. मुलाला तिच्याशी खेळायला मिळतच नाही.

कुणी म्हणेल, पोट भरलेल्यांनी मिठाईच्या कल्पना कराव्यात, आमच्या मोहल्ल्यातल्या मुलांना आधी वास्तव हवे. हा युक्तिवाद आम्हीही एके काळी केला आहे. आता तो पटत नाही. तीन पैसेवाल्या हामिदलाच जिन्नाविषयी सर्वांत जास्त प्रश्न पडतात, हे प्रेमचंदांनीच लिहून ठेवले आहे. आणि मारीची गोष्ट त्यागाशिवाय चालत नाही. लाल गालांचे मूल उंबऱ्याशी ठेवल्यानंतरच खडीसाखरेचे कुरण येते. त्याग आणि मजा एकाच गोष्टीत राहू शकतात. आमच्याकडे मात्र एक आली की दुसरी घराबाहेर, असा दंडक कुणी घातला?

हॉफमनच्या गोष्टीतले वडीलधारे आम्हाला फार ओळखीचे वाटले. मारी पुराव्यादाखल उंदराचे सात मुकुट दाखवते, तर तिचा धर्मपिता हसून सांगतो की हे माझ्या घड्याळाच्या साखळीचे, मीच तुला दिले होते. वडील रागावतात. पुन्हा हा विषय काढलास तर बाहुल्या फेकून देईन, असा दम भरतात. ती गप्प होते. उर्दूत एके काळी दिल्लीचे 'खिलौना' मासिक मुलांच्या हाती होते. ते बंद होऊनही जमाना झाला. मराठीत आपल्या मुलांसाठी तसले काही निघाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. ही जबाबदारी आमच्यासारख्या लिहिणाऱ्यांची होती आणि आम्ही ती टाळली.

घरातल्या त्या पोरीला आम्ही 'ईदगाह'मधला जिन्नाचा भाग पुन्हा वाचून दाखवला. या वेळी ती उठून बसली. जिन्न मिठाई कशात भरून नेतो, तागडीत तोलताना दुकानदाराला दिसतो का, आणि चांदरातीला आपल्या नाक्यावरच्या दुकानात येतो का, असे तिने ओळीने विचारले. ते दुकान साडेदहाला बंद होते, एवढेच आम्हाला सांगता आले.