पवित्र प्रभाकरला कुणी विचारलं?

(स्पॉयलर भरपूर आहेत. २०१५ सालच्या कॉमिकला स्पॉयलरची सूचना लागते का, ते तुमचं तुम्ही ठरवा.)

क्रॉसओव्हरचा शेवटचा अंक मी जरा विचित्र पद्धतीने वाचतो. दोन पानांवर पसरलेलं ते मोठं चित्र असतं ना, ज्यात सगळे हिरो एकदम उडी मारतात, त्याच्या मध्यभागी मी बघतच नाही. कडेला बघतो. मधे पीटर पार्कर असणार हे माहीतच आहे. मला हवा असतो तो कडेला, धोतरातला, पायात मोजडीसारखं काहीतरी घातलेला पोरगा. आपल्या मुंबईचा स्पायडर-मॅन, पवित्र प्रभाकर.

मार्व्हलच्या 'स्पायडर-व्हर्स' या क्रॉसओव्हरचा शेवट 'अमेझिंग स्पायडर-मॅन'च्या चौदाव्या अंकात झाला, फेब्रुवारी २०१५ मध्ये. पंधरावा अंक म्हणजे उपसंहार. लेखक डॅन स्लॉट; चित्रं मुख्यतः ऑलिव्हिए क्वापेल आणि जुझेप्पे कामुंकोली यांची. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. अंक वाचून उड्या मारल्या होत्या. गेल्या महिन्यात ऐरोली ते नेरूळ रोजच्या प्रवासात फोनवर तो पुन्हा वाचला. उड्या मारल्या नाहीत. का नाही, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी पवित्रची ओळख. २००४ साली गॉथम कॉमिक्सने मार्व्हलबरोबर 'स्पायडर-मॅन इंडिया' आणलं. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांचं काम, एकूण चार अंक. पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर, आंट मेची माया काकू, अंकल बेनचे भीम काका, मेरी जेनची मीरा जैन, नॉर्मन ऑस्बॉर्नचा नलिन ओबेरॉय. नावं बघूनच लक्षात येतं की कुणीतरी आद्याक्षरं जुळवत बसलं होतं. आमच्या वर्गात एकही पवित्र नव्हता, आणि प्रभाकर हे आडनाव नसतं, ते शेजारच्या काकांचं नाव असतं.

पण मी आठ वर्षांचा होतो. मामेभावाकडे वाशीला ते अंक होते, आणि त्यात हा मुलगा स्कॉलरशिपवर खेड्यातून मुंबईला येतो. नवी मुंबईतल्या आमच्या पूर्ण बिल्डिंगची गोष्ट एवढीच होती. फरक इतकाच, की आमच्यापैकी कुणाला योगी भेटला नाही. माझ्या बाबांनी लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ मराठीत वाचला होता. त्यांचा हिरो परका होता आणि मराठी बोलायचा. माझा हिरो इथला होता आणि इंग्रजी बोलायचा. तरी तो आमचाच होता, याबद्दल मला काही शंका नव्हती.

त्या कॉमिकवर तेव्हापासून एक आक्षेप घेतला जातो, आणि तो खोटा नाही. पीटरला किरणोत्सर्गी कोळी चावतो, म्हणजे अपघात. पवित्रला शक्ती देतो एक योगी, आणि नलिन ओबेरॉयचा राक्षस होतो ताईत वापरून. अमेरिकेतल्या पोराला विज्ञान, आपल्याला मंत्र-तंत्र. भारत म्हटलं की साधू आलाच पाहिजे, हा जुना आजार.

हा आक्षेप लक्षात ठेवा, पुढे तो उलटा होणार आहे.

'स्पायडर-व्हर्स'चं कथानक थोडक्यात असं. असंख्य विश्वं आहेत, बहुतेक प्रत्येकात एक तरी स्पायडर-माणूस आहे. 'इन्हेरिटर्स' नावाचं एक कुटुंब या विश्वातून त्या विश्वात जाऊन त्यांची शिकार करतं. मॉर्लन त्या कुटुंबातलाच. (२००१ मध्ये स्ट्रॅझिन्स्कीने तो पहिल्यांदा आणला, आणि पीटरची शक्ती हा खरंच अपघात होता का, ही शंकासुद्धा त्याच कथेत पेरली.) इन्हेरिटर्सना एक विधी करायचा आहे. त्यासाठी तिघांचं रक्त हवं: 'अदर', 'ब्राइड' आणि 'सायन'. यातला सायन म्हणजे मेडे पार्करचा तान्हा भाऊ बेंजी. विधी झाला की एकाही विश्वात पुन्हा स्पायडर जन्मणार नाही. आणि हे सगळं चालतं 'लूमवर्ल्ड' नावाच्या जगात, जिथे एक म्हातारा विणकर मागावर बसून सगळ्या विश्वांचं जाळं विणतोय.

आता बघा. माग, विणकर, नियती, बळी, विधी, आधीपासून ठरलेले जन्म. दहा वर्षांपूर्वी जे पवित्रच्या कॉमिकमध्ये 'फारच इंडियन' वाटत होतं, ते स्लॉटने सगळ्या विश्वांना लागू केलं. आता पीटरचा कोळीसुद्धा निव्वळ अपघात राहिला नाही, तोही त्या जाळ्याचाच धागा ठरला. म्हणजे या कथेत सगळ्यात घरच्यासारखं कुणाला वाटायला हवं होतं? ज्याला नियतीच्या माणसाने हातात हात देऊन शक्ती दिली, त्याला. तिथे जमलेल्या बाकीच्यांना ही बातमी नवीन असेल. पवित्रला नव्हती.

आणि तो शेवटच्या अंकात काय करतो? कडेला असतो. मारामारीत असतो. मोठ्या चित्रांत त्याचं धोतर फडकतं. शेवटाचं एकही वळण त्याच्यामुळे येत नाही.

यावर लगेच उत्तर येईल की अरे, इतके स्पायडर आहेत, प्रत्येकाला किती जागा देणार? उत्तर बरोबर वाटतं. मलाही बराच काळ वाटायचं. क्रॉसओव्हरचा शेवट म्हणजे आमच्याकडे रिलीजच्या रात्री पंधरा ब्रँच एकत्र मर्ज करतात तसंच. कुणाचा तरी कोड वगळला जाणार. १९८४ च्या 'सीक्रेट वॉर्स'पासून, १९८५ च्या 'क्रायसिस ऑन इनफिनिट अर्थ्स'पासून हेच चालू आहे: मधे तिघं-चौघं, बाकीचे हजेरीपुरते.

पण याच अंकातला सगळ्यात महत्त्वाचा डाव कोण टाकतं, माहितीये? स्पायडर-हॅम. एक डुक्कर. विनोदासाठी तयार केलेलं, कार्टून डुक्कर. विधीसाठी ठेवलेल्या बाळाच्या जागी दुपट्यात गुंडाळून तो झोपतो, आणि इन्हेरिटर्सचा पूर्ण विधी फसतो. मी पुन्हा वाचताना या पानावर खो खो हसलो, डब्यातले लोक बघायला लागले. जागा नव्हती असं नाहीच. स्लॉटने हॅमबद्दल एक प्रश्न स्वतःला विचारलाय: असं काय आहे, जे इतक्या सगळ्यांमध्ये फक्त हाच करू शकतो? उत्तर सोपं होतं, तो बाळाएवढा आहे. पवित्रबद्दल हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. माझी तक्रार पानांच्या संख्येबद्दल नाही, या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे.

मग मीच विचारून बघतो. पवित्र काय करू शकला असता?

१९६२ च्या मूळ कथेत पीटर एका चोराला जाऊ देतो, आणि तोच चोर नंतर बेन काकांना मारतो. विचार केला तर हा योगायोगच आहे. न्यूयॉर्कमध्ये चोर काय एकच होता? पवित्रच्या कथेत असं होत नाही. काही गुंड एका बाईच्या मागे लागलेले असतात, पवित्रला दिसतं, तो निघून जातो. भीम काका मात्र मधे पडतात आणि मारले जातात. म्हणजे पुतण्याने जे करायला हवं होतं, ते करताना काका मेले. योगायोग नाही, सरळ हिशोब आहे. जागा रिकामी ठेवलीस, म्हणून त्या जागेवर दुसरा उभा राहिला. मला हे मूळ कथेपेक्षा चांगलं वाटतं, आणि आद्याक्षरं जुळवणाऱ्या त्या कॉमिकला याचं श्रेय फारसं कुणी देत नाही. स्टेशनवर भांडण बघून मोबाइलमध्ये मान घालणाऱ्या कुणालाही (माझ्यासकट) पीटरपेक्षा पवित्रचा अपराध जास्त ओळखीचा आहे.

आता हे डोक्यात ठेवून शेवट बघा. पीटर मॉर्लनला घेऊन किरणोत्सर्गाने भरलेल्या एका मेलेल्या जगात उडी मारतो, स्वतःही मरायला तयार असतो. सिल्क त्याला वाचवते. मग बाकीच्या इन्हेरिटर्सना त्याच जगात ढकलतात. तिथे एक बंकर आहे, त्यात ते जगतील. मारायचं नाही, कारण आपण स्पायडर-मॅन आहोत. इथपर्यंत छान. (व्यवहारात या दयेचा अर्थ एवढाच निघाला, की २०१८ मध्ये 'स्पायडर-गेडन' काढून त्यांना परत आणता आलं. कॉमिकमधली दया बऱ्याचदा सीक्वेलची सोय असते.)

खरी गोष्ट उपसंहारात घडते. ऑटो ऑक्टेव्हियसला त्याचं भविष्य कळलेलं आहे, ते त्याला मान्य नाही, म्हणून तो म्हाताऱ्या विणकरालाच मारतो. मागावर कुणी नाही, जाळं तुटायला लागतं. मग कळतं की तो विणकर म्हणजे कार्न, इन्हेरिटर्सपैकी एक, जो पुढे सुधारला आणि स्पायडर लोकांच्या बाजूने आला. आजचा तरुण कार्नच पुढे म्हातारा होऊन इथे मरणार आहे. तो स्वतःचं प्रेत बघतो आणि मागावर जाऊन बसतो.

स्लॉटची ही कल्पना मला मनापासून आवडते. पण पुढच्या पानांवर तिचं काय होतं? काही नाही. काम झालं, माग चालू झाला, सगळे आपापल्या विश्वात परत. माणूस स्वतःच्या मरणाच्या खुर्चीत बसला आणि डझनावारी स्पायडर-मॅन, ज्यांचं पूर्ण आयुष्य 'जबाबदारी' या एका शब्दावर उभं आहे, ते घरी जायला निघाले.

इथे पवित्र हवा होता. रिकाम्या जागेवर दुसरा उभा राहिला की काय होतं, ते तिथे त्याच्याइतकं कुणाला कळलं असतं? त्याने फक्त थांबून कार्नला विचारायला हवं होतं: तुला बसायचंय का? दुसरा काही रस्ता आहे का, आपण शोधला का? कदाचित कार्न हो म्हणाला असता. शेवट तोच राहिला असता. पण मग ती नियती स्वीकारलेली असती. आत्ता ती नुसती वाटणीला आलेली ड्यूटी आहे.

हा प्रश्न शेवटी विचारला गेला, पण सिनेमात. २०२३ च्या 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स'मध्ये नियतीला 'कॅनन इव्हेंट' म्हणतात, आणि तो मोडला जातो नेमका मुंबॅटनमध्ये, पवित्रच्या शहरात. इन्स्पेक्टर सिंग मरायचे असतात, माइल्स त्यांना वाचवतो. भारतात हा सिनेमा दहा भाषांत आला, त्यात मराठीही होती. आमच्या बाबांचा वेताळ आणि माझा पवित्र यांची अशी एकदाची भेट झाली. सिनेमातला पवित्र मस्त आहे: केस उत्तम, आत्मविश्वास भयंकर, 'चाय टी' म्हणणाऱ्याला जागेवर सुनावणारा. धोतराचीही आता नव्या पद्धतीची फॅशन झालीये. तरीही लक्षात घ्या, मुंबॅटनच्या जमिनीला भगदाड पडतं, आणि नियती मानायची का, यावर वाद घालायला माइल्स आणि मिगेल दुसरीकडे जातात. पवित्र भगदाडापाशी थांबतो. शहर त्याचं, प्रश्न दुसऱ्यांचा. शेवटी ग्वेन जी टोळी जमवते त्यात तो आहे, त्यामुळे पुढच्या भागाकडून मला आशा आहे. थोडी.

हे सगळं मला इतकं का लागतंय, तेही सांगतो. मी ज्या प्रोजेक्टवर आहे त्याचा रिलीज कॉल आपल्या रात्री साडेअकराला असतो. स्क्रीनवर वीसेक चौकोन असतात, आमचे कडेला. कॉल संपता संपता प्रश्न येतो, इंडिया टीमला काही विचारायचंय का? आणि आम्ही म्हणतो, नाही, ऑल गुड. तीन वर्षं मी हेच म्हणत आलोय. आम्हाला बोलायला जागा देत नाहीत, असं मी मित्रांना सांगायचो. ते काही प्रमाणात खरं आहे. पण ज्या आठवड्यात हा अंक पुन्हा वाचला, त्याच आठवड्यात एका बदलाबद्दल मला पक्कं माहीत होतं की आपल्याकडच्या महिनाअखेरीला तो रिपोर्टमध्ये चुकीची तारीख दाखवणार. आणि मी माइक म्यूटवर ठेवून, पवित्रला स्लॉटने बोलू दिलं नाही म्हणून मनातल्या मनात चिडत बसलो होतो.

पवित्रला लिहिणारा दुसरा होता. माझं म्यूटचं बटण माझ्याच बोटाखाली होतं.

त्या रात्री मी बोललो. फार काही घडलं नाही. दोन मिनिटं शांतता, मग कुणीतरी विचारलं, तुला खात्री आहे का? मी म्हटलं, आहे. त्यांनी तिकीट उघडायला सांगितलं आणि रिलीज ठरल्याप्रमाणे झाला. महिनाअखेरीला तारीख चुकली. दुसऱ्या दिवशी ते तिकीट दुरुस्त झालं, खाली नाव माझंच होतं.

'स्पायडर-व्हर्स' वाचू नका असं मी म्हणणार नाही. चित्रांसाठी वाचा, स्पायडर-हॅमसाठी तर वाचाच, आणि कार्न खुर्चीत बसतो तिथे जरा थांबा. फक्त त्याआधी २००४ चे ते चार अंक कुठे मिळाले तर बघा. रद्दीवाल्याकडे विचारा. भीम काका मरतात ते पान काढा. मग शेवटच्या अंकातल्या मोठ्या चित्राची कड बघा.

तो तिथे आहे. त्याला काय वाटत असेल, ते चित्रात दिसत नाही.