शमादान आणि कुलचिन्ह

जुन्या इंग्लिश चांदीच्या शमादानांची प्रशंसा ऐकताना आम्हांला एक गोष्ट नेहमी खटकते. रसिक मंडळी घाटाविषयी दोन शब्द बोलतात आणि लगेच विचारतात, ‘ही कोणत्या लॉर्डच्या घरची?’ धन्याचे नाव मोठे निघाले की वस्तूचे मोलही चढते. वकिलीमुळे पुरावा आणि दावा वेगळे ठेवण्याची सवय आम्हांला जडली आहे. येथेही तसेच करणे इष्ट वाटते.

शमादानावरील छाप हा पुरावा होय. चालता सिंह हजारात ९२५ भाग शुद्ध चांदीची ग्वाही देतो. बिबट्याचे मुख लंडनची तपासणी सांगते, एक अक्षर वर्ष सांगते आणि आद्याक्षरे कारागिराची ओळख देतात. नाणी वितळवून भांडी घडविण्यास आळा बसावा म्हणून १६९७ ते १७२० या काळात शुद्धतेचे प्रमाण सुमारे ९५८ वर नेले होते. कुलचिन्ह मात्र निव्वळ दावा. वस्तू विकली गेली की जुने चिन्ह घासून नव्या धन्याचे कोरण्याची चाल होती. घासल्या जागी पत्रा पातळ होतो, आणि फुंकर घातली तर पुसलेली रेघ कधी कधी क्षणभर उमटते! सरदारकीची खूण ती एवढीच.

आमच्या इंदुरातही हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहिला. दुसरे यशवंतराव होळकर यांनी १९३० नंतर तरुण जर्मन स्थापत्यकार एकार्ट मुथेसियस यांजकडून माणिकबाग उभारविली. विलायती खानदानांच्या जुन्या चांदीचे अनुकरण न करता त्यांनी पॅरिसच्या ज्याँ प्युफोर्काकडून साध्या, भौमितिक रेषांची चांदी घडवून घेतली. कारागीर ओळखण्याची दृष्टी या धन्याजवळ होती, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि १९८० मध्ये माणिकबागेतील सामानाचा लिलाव मोंटे कार्लो येथे झाला. १९७२ चा पुरावस्तू कायदा अशा वस्तूस सामान्यतः शंभर वर्षांचे वय मागतो. हे सामान तर जेमतेम पन्नाशीचे! आता लिलावाच्या सूचीत ‘इंदूरच्या महाराजांचे’ एवढे शब्द किंमत वाढवितात. इंदूरकरांच्या वाट्याला मात्र ते शब्दच उरले.

आम्ही राहतो त्या खजरान्यात अहिल्याबाईंनी बांधविले असे मानले जाणारे गणेशमंदिर आहे. हिंदू विधीनुसार प्रतिष्ठित मूर्ती ही विधिमान्य व्यक्ती; तिला वाहिलेली समई तिची मालमत्ता ठरते आणि पुजाऱ्यासही ती मन मानेल तशी विकता येत नाही. दाता कितीही थोर असो, दान देताच त्याचा हक्क संपतो आणि उजेड येणाऱ्याजाणाऱ्या सर्वांचा होतो. माणिकबागेच्या सामानास असा धनी लाभता, तर ते एकत्र मांडलेले पाहण्यास २०१९ साली पॅरिसचे प्रदर्शन गाठावे लागले नसते.