आडनावाचा माग

कुलवृत्तान्त हा आपल्या भाषेतला मोठा कष्टाचा वाङ्मयप्रकार. पण टीकाकारांनी त्याच्याकडे कधी नीट पाहिलेले नाही. गोखले, पेंडसे, कर्वे अशा कितीतरी घराण्यांनी वर्षानुवर्षे खपून हे जाडजूड ग्रंथ सिद्ध केले. ते घराघरांतल्या कपाटांत गेले आणि लग्नकार्याच्या वेळी गोत्र-शाखा पाहण्यापुरते बाहेर निघू लागले. साहित्याच्या चावडीवर त्यांना कोणी बोलावीत नाही. मी संशोधक नव्हे. कल्याण-डोंबिवलीकडे मुले शिकविणारा आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा एक शाळामास्तर. परंतु जो ग्रंथ माणसांची हकीकत सांगतो, त्याला कादंबरीकाराने चार प्रश्न विचारावेत, यात वावगे काही नाही.

या ग्रंथांच्या मुळाशी एक गृहीत असते. आडनाव हा धागा आहे. तो धरून मागे जावे, म्हणजे मूळपुरुष सापडतो. ऐकायला हे सरळ वाटते. पण हा धागा आहे तरी किती बळकट?

आपल्याकडच्या ‘कर’ लावलेल्या आडनावांचेच पाहा. पेणमध्ये सगळेच पेणचे; तिथे एखाद्याला पेणकर म्हणून कोणाची ओळख पटणार? गाव सोडून माणूस दुसरीकडे राहू लागला, म्हणजे तिथले लोक त्याला पेणकर म्हणतात. तेव्हा असे आडनाव गावाचे असले, तरी ते बहुधा गाव सुटल्यावर पडते. शिवाय ते रक्ताची खूण नव्हे. ठाण्यात १८७९ साली बांधलेले बेने इस्राएलांचे सिनेगॉग आहे. पेणकर, किहिमकर, नवगावकर ही या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातली आडनावे. किहिमकरांपैकीच हाईम सॅम्युएल यांनी १८९७ साली आपल्या समाजाचा इतिहास लिहून ठेवला. तो छापला गेला १९३७ साली, तेल अवीव येथे. आता एक पेणकर सिनेगॉगमध्ये जाणारा आणि दुसरा गणपती बसविणारा. नुसते आडनाव धरून चालणारा शोधक दोघांना एकाच झाडावर बसवील.

वसईकडची गोष्ट याच्या उलट आहे. तिथे पोर्तुगीज अमलात बाप्तिस्म्याबरोबर परेरा, डिसोझा ही नावे आली. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले, १७३९ साली वसई घेतली. सत्ता गेली, आडनावे मात्र राहिली. त्यांचा माग काढू लागले तर ती लिस्बनला पोचवितात. ज्यांच्या अंगावर ती आहेत त्यांचे पूर्वज मात्र बहुतांशी इथल्याच शेता-वाडीत राबत होते. आणि खुद्द पेशवे? श्रीवर्धनचे भट. १७१३ साली बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद मिळाले आणि हुद्दा हेच घराण्याचे नाव झाले. कुलकर्णी, देशपांडे, फडणीस, पोतनीस ही मंडळी त्याच वाटेने आली. एका नावाची दहा घराणी आणि एका घराण्याची दोन नावे, असा हा कारभार!

मग कुलवृत्तान्तकार तीनशे वर्षे मागे जातात ते कशाच्या बळावर? कागदाच्या. आणि ‘हा कागद जन्मला कशासाठी?’ हाच प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सनदा, महजर, निवाडपत्रे, वाटणीपत्रे ही काही पूर्वजांच्या आठवणीसाठी लिहिलेली नव्हेत. वतन कोणाचे, इनाम कोणाचे, वडीलकीचा मान कोणाचा, या भांडणांतून ती निघाली. पुढे १८५२च्या कायद्याने इंग्रजांच्या इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि ज्याला इनाम टिकवायचे त्याला पुरावे मांडणे भाग पडले. वंशावळी तपासल्या गेल्या, कागद दप्तरांत गेले. राजवाडे गावोगाव फिरून दप्तरे गोळा करीत. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. त्यांना जे मिळाले, ते ज्यांच्या माळ्यावर दप्तर होते त्यांच्याकडून मिळाले. ज्याला वतन नाही त्याचे दप्तर नाही. आणि दप्तर नाही त्याचा कुलवृत्तान्तही नाही.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नव्हे. स्कॉटलंडातले एखादे आडनाव अमेरिकेतल्या जुन्या वसाहतींच्या कागदांत शोधणारा माणूस अशाच ठिकाणी येऊन पोचतो. १६५० साली डनबारला आणि १६५१ साली वूस्टरला क्रॉमवेलने स्कॉटांचा पराभव केला आणि कैद्यांतले काही जहाजांनी न्यू इंग्लंडला पाठविले. ‘जॉन अँड सेरा’ या जहाजावरच्या सुमारे पावणेतीनशे कैद्यांची यादी आजही वाचता येते. ती कुठे सापडते? बॉस्टनच्या खरेदीखतांच्या दप्तरात, १६५२ साली नोंदलेली! त्याच जहाजावरच्या लोखंडी सामानाच्या आणि घरगुती चीजवस्तूंच्या नोंदीशेजारी ही माणसे लिहिली गेली. त्यांच्या नावाआधीचा ‘मॅक’ म्हणजे ‘चा मुलगा’, आपल्या जुन्या कागदांतल्या ‘बिन’सारखा. इंग्रज कारकुनाच्या कानाला ती नावे परकी. त्याने ऐकू आली तशी लिहिली. त्याच्या लेखणीने वाकविलेल्या नावावर आज तिकडचे वंशज आपल्या घराण्याचा इतिहास उभारतात.

आपली माणसेही अशा वह्यांत चढली आहेत. १८३४ पासून मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर करारबंद मजूर जाऊ लागले. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत हिंदुस्थानातून सुमारे साडेचार लाख माणसे तिकडे गेली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले मराठीही होते. पोर्ट लुईला उतरल्यावर त्यांना क्रमांक मिळाला. नाव, बापाचे नाव, वय, उंची, गाव, जिल्हा आणि जहाज, सगळे टिपले गेले. पुढे छायाचित्रेही निघाली. त्या वह्या आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. मजुराने सांगितलेले साधे हाकेचे नाव पुढे कित्येक कुटुंबांचे आडनाव झाले. गंमत अशी, की जो रयत असाच गावी राहिला असता तर कागदावर कदाचित कधी आलाच नसता, त्याची उंचीसुद्धा आपल्याला कळते. कारण तो कोणाच्या तरी हिशेबात जमा होता.

या सर्वांवरून मला एकच गोष्ट दिसते. जुना कागद माणसासाठी होत नसे, मालमत्तेसाठी होई. ज्याच्याजवळ मालमत्ता होती तो त्यात आला; ज्यालाच मालमत्तेप्रमाणे मोजले गेले तोही आला. मधला प्रचंड समाज, कसणारा, विणणारा, ओझी वाहणारा, पावलांचा ठसाही न ठेवता निघून गेला.

स्त्रियांची गत तर याहून वाईट. वंशवृक्षात मुलीला फांदी नसते. ज्याला मुलगा नाही त्याच्यापुढे रेघ थांबते. घरात चार मुली नांदून गेल्या असल्या तरी त्याचे नाव ‘निर्वंश’. कादंबरीकार म्हणून सांगतो, याहून निर्दय शब्द मी छापील पानावर पाहिलेला नाही. त्या चार मुलींनी चार घरी त्याचे नाक, त्याचा राग, त्याच्या गोष्टी नेल्या असतील. पण आडनाव नेले नाही, म्हणून त्याचा वंश बुडाला!

यावरून कुलवृत्तान्त टाकाऊ आहेत असा निष्कर्ष मला काढायचा नाही. कोण कुठे नोकरीला गेला, कोणी वडिलांशी भांडून घर सोडले, कोणाला पोहण्याचा नाद होता, अशा दोन ओळींच्या टाचणांत जे जिवंतपण असते ते पुष्कळ कथासंग्रहांत नसते. माझा आक्षेप त्यांच्या पहिल्या प्रकरणांतल्या दिमाखाला आहे. कागद टिकला म्हणून घराणे थोर, असा सूर तिथे लागतो.

हा सूर वर्गापर्यंत येतो, म्हणून हे लिहिले. डोंबिवलीच्या परिसरात कोकणातून, देशावरून, खानदेशातून आलेली बिऱ्हाडे. मुलांना वंशावळ लिहून आणायला सांगितली, की एखादा सात पिढ्यांचा छापील तक्ता आणतो आणि बाकीची पोरे आजोबांच्या नावाशी अडकून खाली माना घालतात. जणू त्यांच्या घरी काही उणे आहे! उणे आहे ते दप्तरांत, हे त्या मुलांना कोणीतरी सांगायला हवे.

यापुढे जे कुलवृत्तान्त लिहितील त्यांच्याकडे माझे मागणे थोडेच आहे. मुलींच्या फांद्या काढाव्यात. नोंद कुठल्या कागदातून आली आणि तो कागद कोणत्या भांडणातून निघाला, हे स्वच्छ सांगावे. जिथे माहिती नाही तिथे मूळपुरुषाला आकाशातून उतरवू नये. जागा कोरी सोडावी. ती कोरी जागाही इतिहासच असते, आणि आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज तिथेच आहेत.