अभाव आणि श्रद्धा : पंडिता रमाबाई व लक्ष्मीबाई टिळक यांच्या आत्मपर गद्याचा तौलनिक विचार

मराठी ख्रिस्ती आत्मपर गद्याची चर्चा बहुधा धर्मांतर या एकाच घटनेभोवती फिरत राहिली आहे. बाप्तिस्म्याची तारीख हा आयुष्याचा मध्यबिंदू मानून त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे अशी विभागणी करण्यात गौरव करणारे आणि आक्षेप घेणारे दोघेही एकमत असतात. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) आणि लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचे लेखन मात्र या विभागणीत नीट बसत नाही. त्यांच्या लेखी श्रद्धा ही हळूहळू होणारी वाढ आहे, आणि या वाढीचा संबंध पुऱ्या झालेल्या मागण्यांपेक्षा अपुऱ्या राहिलेल्या मागण्यांशी अधिक आहे.

रमाबाईंच्या कथेचा आरंभ म्हैसूरशी निगडित आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी म्हैसूरच्या राजाश्रयात काही वर्षे काढली आणि विद्येच्या बळावर द्रव्यही मिळवले. पुढे पत्नीला संस्कृत शिकवण्याचा त्यांचा आग्रह सनातन्यांना रुचला नाही. सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात त्यांनी आश्रम थाटला व तेथेच रमाबाईंचा जन्म झाला. विद्यार्थी, अतिथी आणि यात्रेकरू यांच्यावर खर्च होऊन संपत्ती सरली, कर्ज झाले आणि कुटुंब तीर्थाटनाला लागले. रमाबाईंनी १९०७ मध्ये इंग्रजीत लिहिलेल्या आपल्या साक्षीला ‘अ टेस्टिमनी ऑफ अवर इनएक्झॉस्टिबल ट्रेझर’ असे नाव दिले. कधीही न सरणारा ठेवा ही त्यातील कल्पना बायबलमधली खरीच. परंतु सरलेल्या ठेव्याचा हा कौटुंबिक अनुभव शेजारी ठेवल्याशिवाय त्या शीर्षकाचे वजन कळत नाही.

मद्रास इलाख्यातील दुष्काळाच्या काळात, १८७४ च्या सुमारास, रमाबाईंचे आईवडील गेले. पाठोपाठ थोरली बहीण गेली. उपवास, स्नाने, दाने, अनुष्ठाने सर्व काही यथासांग झाले होते. मरणोन्मुख आईसाठी रमाबाईंनी शेजारच्या घरी लाजत बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागितला. तो मिळालाही, पण आईला तो खाववला नाही. हा प्रसंग त्यांच्या दुष्काळविषयक लेखनात येतो. येथे मागणे मान्य होऊनही गरज भागत नाही. पुढच्या साऱ्या लेखनावर या अनुभवाची छाया आहे.

जुन्या देवांनी ऐकले नाही आणि नव्याने ऐकले, असा सोपा अर्थ येथे काढता येईल. प्रचारपर वाङ्मयाने तो काढलाही आहे. पण रमाबाईंची साक्ष त्याला दुजोरा देत नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतरही आपल्याला धर्म गवसला होता, ख्रिस्त गवसला नव्हता, अशा आशयाची कबुली त्या देतात. अंतरीचा पालट त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी झाल्याचे सांगतात. म्हणजे अपुरेपण ख्रिस्ती झाल्यावरही सुटत नाही. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी अनाथ मुली व स्त्रिया आणल्या, त्या स्वतःच्या भुकेची आठवण जागी झाल्यामुळे. अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनने पत्करलेली दहा वर्षांची मदतीची मुदत १८९८ मध्ये संपली, आणि केडगावच्या ‘मुक्ती’चा संसार ठरलेल्या उत्पन्नाऐवजी प्रार्थनेवर चालू लागला. आईच्या तोंडी न लागलेली भाकरी शेकडो अनोळखी मुलींच्या पानात पडली. तथापि त्यामुळे आईच्या मृत्यूला ‘प्रयोजन’ लाभले, असा निष्कर्ष समीक्षेने काढू नये. दुःखाला साधन ठरवले की मेलेल्यांवर दुसऱ्यांदा अन्याय होतो.

लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त (१९३४–३७) अभावाचे रूप घरगुती आहे. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंना धर्मापेक्षा नवरा दुरावल्याचे दुःख मोठे होते. पुन्हा एकत्र राहू लागल्यावरही त्यांचे सोवळे चालू राहिले. जातिभेद देवाने केलेला नाही हे मनाला पटले, मग अन्नपाण्याचा विटाळ गळाला आणि बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये, आला. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे, त्यामुळे घरात चणचण नित्याची. ही चणचण लक्ष्मीबाई विनोदाने सांगतात. रमाबाई अभावाची साक्ष देतात, तर लक्ष्मीबाई त्याच्याशी संसार करतात. पहिल्या गद्यामागे प्रॉटेस्टंट साक्षीचा साचा आहे. दुसऱ्यामागे माजघरातील गोष्ट सांगण्याची मराठी रीत.

या दोहोंमागे एक जुनी मराठी परंपराही उभी आहे. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकारामांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, दिवाळे निघाले; त्या नागवणुकीलाच त्यांनी ईश्वराकडे जाण्याची वाट मानले. टिळक स्वतः तुकारामांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आल्याचे सांगत. तेव्हा मराठी ख्रिस्ती गद्यातील अभावाचा अर्थ केवळ मिशनऱ्यांकडून आलेला आहे, असे म्हणता येत नाही. भेद आहे तो पुढच्या पावलात. परंपरा सांगते की तुकारामांनी कर्जखते इंद्रायणीत सोडली. रमाबाईंनी मात्र धान्याचे, विहिरींचे, माणसांचे हिशेब हाती घेतले. एकाच्या श्रद्धेने देणेघेणे मिटवले, दुसरीच्या श्रद्धेने ते वाढवले.

धर्मांतराला केवळ घटना मानणारी समीक्षा या लेखनातला काळ हरवून बसते. प्रार्थना आणि तिचे उत्तर यांमध्ये कित्येक वर्षे जातात, कधी उत्तर येतच नाही. त्या मधल्या अवकाशात माणूस काय करतो, याची नोंद या दोघींनी ठेवली आहे. भारतीय भाषांतील ख्रिस्ती आत्मकथनांची तुलना करायची तर बाप्तिस्म्याच्या तारखांपेक्षा हा अवकाश मोजणे अधिक फलदायी ठरेल.